बोलण्यापुरता लॅपटॉप

मोहन परब यांनी आयुष्यात बरेच लॅपटॉप निवडले. त्यातला एक चुकला. तो त्यांच्या बायकोचा होता आणि बायको त्याच्यातून बोलत असे. बाकीचे सगळे बरोबर निघाले, हे सुरुवातीलाच नोंदवायला हवं. कारण ते स्वतः फक्त त्या एकाबद्दल सांगत.

आमच्या वर्तमानपत्राचं कार्यालय अंधेरी पूर्वेला, जुन्या कारखान्यांच्या वसाहतीत आहे. परब तिथे खरेदी विभागात होते. कागदाच्या रिळांपासून बेसिनवरच्या साबणापर्यंत जे काही विकत यायचं ते त्यांच्या टेबलावरून. खरेदीचा नियम सरळ होता. आधी गरज लिहायची, तीन कोटेशनं मागवायची, गरजेत बसणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दराचं घ्यायचं. नियम त्यांनी केलेला नव्हता, पण इतकी वर्षं पाळला की तो त्यांच्या अंगात मुरला होता. घरी मिक्सर घ्यायचा तरी मुलुंडच्या तीन दुकानांत भाव विचारून येत. बांगडे घेतानाही परब कोळणीकडे कोटेशन उघडल्यासारखं बघतात, असं आमचा क्राइम रिपोर्टर संजय म्हणायचा.

लोकांची पोरं कॉलेजात जाऊ लागली की लोक परबांकडे येत. येणाऱ्याला आधी खुर्ची मिळायची, मग प्रश्न.

"परबसाहेब, आय-थ्री घेऊ का आय-फाइव्ह? पोरगा तर आय-सेव्हनच म्हणतोय," संजयने एकदा विचारलं.

"पोरगा काय उघडणार त्यावर?"

"कॉमर्सला आहे."

"ते नाही विचारलं. उघडणार काय?"

"अभ्यास, आणखी काय!"

"अभ्यास लॅपटॉपवर उघडत नाही रे. एक्सेल उघडतं, ब्राउझर उघडतो, क्रिकेट उघडतं. नीट विचारून ये, मग बोल."

संजय विचारून आला. मग परबांनी त्याला प्रोसेसर समजावला. ते एकदा सुरू झाले की वाक्य पूर्णविरामापर्यंत नेत आणि त्याला पुढचं जोडत. लोक मोबाइल बघायला लागत, त्यांना पर्वा नसे. "तुम्ही लोक स्थळ बघताना आडनाव बघता, तसं इथे करता. आय-फाइव्ह हे आडनाव झालं. कितव्या पिढीचा ते विचार. चार-पाच पिढ्यांपूर्वीचा आय-फाइव्ह आजच्या आय-थ्रीसमोर धापा टाकतो, पण दुकानदार मोठ्या आडनावाचे पैसे घेतो. मग आत कोअर, म्हणजे गाभे, किती ते बघ. गाभा म्हणजे कामाला माणूस. दोन माणसांच्या घरात पाहुणे आले तर चहाला वेळ लागणारच. आणि नावाच्या शेवटचं अक्षर बघ. एक अक्षर म्हणतं मी बॅटरी वाचवतो, दुसरं म्हणतं मी जोर लावतो. पोराला कुठलं हवं?"

"बायकोला विचारतो," संजय म्हणाला आणि पळाला.

शनिवारी दुपारी परब अशा कुणाबरोबर तरी दुकानात जात. मी एकदा गेले होते. घाटकोपर स्टेशनजवळचं अरुंद दुकान, काचेत ओळीने मांडलेले लॅपटॉप, सगळ्यांच्या पडद्यावर एकच निळा समुद्र. विक्रेता ओळखीचा होता.

"या परबकाका. हा बघा, आय-फाइव्ह, ऑफरमध्ये. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकायला मी देवळात आलोय का? पिढी सांग."

विक्रेत्याने पिढी सांगितली. परबांनी लॅपटॉपच्या पाठीवर कलिंगडावर मारतात तशी टिचकी मारली. तिचा काही उपयोग नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला, त्यातला एक प्रोग्रॅम मशीनवर चढवला, एक व्हिडिओ लावला, ब्राउझरची बरीच पानं उघडी ठेवली आणि त्या दिवशीच्या आमच्याच पेपरातली पहिली बातमी टाइप केली. 'बोल' असं लिहिलेलं बटण दाबलं आणि डोळे मिटले.

एका बाईच्या आवाजात लॅपटॉप बातमी वाचू लागला. शुद्ध, सपाट, थोडा परका आवाज. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंतची जागा परब ऐकत होते. दुसऱ्या लॅपटॉपवर तेच केलं, तिसऱ्यावरही. विक्रेता माझ्याकडे बघून हसला. "काका सगळ्यांना बोलायला लावतात, मॅडम. कॉमर्सच्या पोराला बोलणारा लॅपटॉप कशाला लागतो, देवाला माहीत."

परबांनी डोळे उघडले. "हा मधला," ते म्हणाले. मधला म्हणजे नव्या पिढीचा आय-थ्री. किंमत तिघांत सर्वांत कमी नव्हती.

ती कसोटी कुठून आली, हे ऑफिसात आम्हा दोन-तीन जणांना ठाऊक होतं.

सुनंदा परब मालवणच्या. मुलुंड पूर्वेला सोसायटीत त्या पापडाच्या ऑर्डरी घेत आणि भांडणंही सोडवत. त्यांना मज्जातंतूंचा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं की पडद्यावर कळफलक दाखवणारा आणि लिहिलेलं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मिळतो, त्याने बोलता येईल. मराठी बोलणारा बाईचा आवाज त्यात एकच होता. लॅपटॉप मात्र घ्यावा लागणार होता.

परबांनी सवयीप्रमाणे गरज लिहिली: टायपिंग आणि आवाज. तीन दुकानांतून भाव आणले. एका दुकानदाराने मधल्या किमतीचा सुचवला तेव्हा परब त्याला म्हणाले, "गेम खेळायला नकोय. फक्त बोलायलाच तर हवाय." सर्वांत स्वस्त लॅपटॉप घरी आला. दोन गाभ्यांचा, हळू चालीचा प्रोसेसर. गरजेत तो बसत होता.

मी, संजय आणि मुद्रितशोधन विभागातले एक दोघे त्यांना भेटायला गेलो, तेव्हा मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. सुनंदाबाई खुर्चीत उशांना टेकून बसल्या होत्या. डोळे लख्ख. आम्ही सांगू ते सगळं त्यांच्या चेहऱ्यापर्यंत पोचत होतं, फक्त परत येत नव्हतं. संजयने बायको माहेरी गेल्यावर आपण बांगड्याचं कालवण कसं करपवलं ते रंगवून सांगितलं. सगळे हसलो. सुनंदाबाईंचं बोट हलायला लागलं. बोलण्याच्या ओघात मुद्रितशोधनातले दिघे का आले नाहीत असं परबांनी विचारलं. त्यांची आई गेली, असं कुणीतरी सांगितलं. खोलीत शांतता झाली.

त्या शांततेत लॅपटॉप बोलला.

"बरां झालां. मांजराक तरी गावलां."

बरं झालं, मांजराला तरी मिळालं. मालवणी शब्द, आकाशवाणीवरच्या बातमीसारखा उच्चार. संजयला कळायला वेळ लागला. मला कळलं तेव्हा मी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्यांचं बोट आता घाईघाईने पडद्यावर फिरत होतं. परब म्हणाले, "ती कालवणाचं म्हणतेय." आम्ही सगळे हो हो म्हणालो, पण हसायची वेळ गेली होती. चहा झाला. आम्ही उठलो. बाहेर चपला घालत होतो तेव्हा आतून आवाज आला.

"तां माशाबद्दल होतां."

लिफ्ट आली होती. परब दारात उभे होते. त्यांनी आत पाहिलं, मग आमच्याकडे. "या हां परत," ते म्हणाले.

पुढे मी दोनदा गेले. सुनंदाबाईंची वाक्यं तोकडी होत गेली. आधी चार शब्द, मग दोन, मग 'हो' आणि 'नको'. आजार वाढतोय, बोट थकतंय, असं परब सांगत. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. शेवटच्या दिवसांत त्या लॅपटॉप बंद ठेवायला लावत. पापण्यांनी बोलत. मग गेल्या.

काही महिन्यांनी परब भाच्यासाठी लॅपटॉप बघत होते. नव्या मशीनचा आवाज तपासायचा म्हणून त्यांनी घरातला तोच प्रोग्रॅम त्यावर चढवला, काहीतरी टाइप केलं आणि बटण दाबलं. आवाज लगेच आला. त्यांना वाटलं चुकून आधीचं काही वाजलं. पुन्हा दाबलं. पुन्हा लगेच.

हे त्यांनी मला कँटीनमध्ये सांगितलं, पुढ्यातली उसळ तशीच ठेवून. "बोट सावकाश होतं ते आजाराचं. पण बोट उचलल्यावर जी वाट बघायला लागायची, ती माझी. मला वाटायचं बोलणारं यंत्र असंच असतं. शेजारी ठेवून बघायला दुसरं कुठे होतं? तिला वाटलं असेल आपलंच बोलणं कुणाला नको झालंय. म्हणून ती गप्प झाली, मॅडम. आजारपणाने नाही."

"असं कसं म्हणता तुम्ही? डॉक्टर..."

"डॉक्टरांनी लॅपटॉप कुठे बघितला होता?"

मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

त्यानंतर परबांच्या दोन गोष्टी बदललेल्या ऑफिसात सगळ्यांना दिसल्या. एक म्हणजे दुकानातली ती कसोटी. दुसरी, कुणी बोलायचं थांबलं की ते लगेच उत्तर देत नसत. समोरच्याचं आणखी काही यायचं बाकी आहे असं समजून थोडं थांबत. नव्या मुलांना वाटायचं त्यांना कमी ऐकू येतं. ती मुलं आवाज चढवून बोलत. परब त्यांनाही थांबून उत्तर देत.

तिसरी गोष्ट मी बँकेत पाहिली. अंधेरीतल्या एका बँकेच्या शाखेत टोकन पुकारायचं यंत्र नवीन बसवलं होतं. मी आत गेले तेव्हा परब कडेच्या बाकावर बसले होते. यंत्राने नंबर पुकारला, काउंटर सांगितला. मराठी, बाईचा आवाज, शुद्ध आणि सपाट. कंपन्या असे आवाज विकत घेतात आणि कुठेही लावतात. ही बातमी आम्हीच कधीतरी छापली होती. पुन्हा तोच नंबर पुकारला गेला. काउंटरवरच्या मुलीने मान वर करून बाकांकडे पाहिलं. परबांच्या हातातल्या चिठ्ठीवर तो नंबर होता.

"परबसाहेब, तुमचा नंबर," मी म्हणाले.

"हो, ऐकलं," ते म्हणाले. पुढच्या माणसाचा नंबर आला, त्याच्या पुढच्याचाही. मग ते उठले आणि नवं टोकन घेऊन येऊन पुन्हा बसले. मी काम उरकून निघाले तेव्हा ते तिथेच होते, मान थोडी तिरकी करून.

मोबाइलवर वीजबिलाचे रेकॉर्ड केलेले फोन येतात. लोक ते पहिल्या शब्दाला तोडतात. परब शेवटपर्यंत ऐकत आणि फोन ठेवण्याआधी "बरं" म्हणत. संजय एकदा यावर काही बोलायला गेला, मी त्याला खुणेने थांबवलं.

माझी मावसबहीण शैलजा घाटकोपरला पंतनगरात राहते. आम्ही तिला शैलूताई म्हणतो. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. तिची जीभ जड व्हायला लागली. वर्गात पोरं मागे हसायला लागली तेव्हा तिने तपासण्या करून घेतल्या. तोच आजार निघाला, फक्त उलट्या बाजूने आलेला. हात शाबूत, जीभ आधी जाणार. काही महिन्यांत बोलणं पूर्ण थांबेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी परबांना विचारलं. त्यांच्या टेबलापुढच्या खुर्चीत बसून, जसे सगळे विचारत तसं.

ते थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. "मॅडम, पोरांचे लॅपटॉप सांगतो मी. यातलं नको. दुसऱ्या कुणाला विचारा."

मी उठले. आठवडा गेला. मग एका दुपारी ते आमच्या विभागात आले. खरेदीचा माणूस संपादकीयात क्वचित येतो. उभ्यानेच त्यांनी विचारलं, "तुमच्या बहीण बोलतात कशा?"

"अडखळते आता. पण कळतं."

"तसं नाही. मूळच्या कशा बोलतात? सावकाश, का भरभर? समोरच्याचं पुरं ऐकून घेतात का?"

हा प्रश्न तिला कुठल्याच डॉक्टरने विचारला नव्हता. मी म्हणाले, "तुम्हीच या आणि ऐका."

रविवारी ते घाटकोपरला आले. शैलूताई पलंगावर बसून मटार सोलत होती. तिचा नवरा सुरेश, माझे भावोजी, एका औषध कंपनीच्या गोदामात हिशेब बघतात, शांत माणूस. त्यांनी दुकानातून आणलेला छापील कागद पुढे केला. "साहेब, हा एक बघितलाय. आय-फाइव्ह आहे आणि..."

"जु... जुना आहे तो," शैलूताईने तोडलं. शब्द लडबडत होते, वेळ मात्र अचूक होती. "मी म्... म्हटलं यांना."

"जुना म्हणजे वापरलेला नाही, साहेब, कंपनीने पुन्हा..."

"तेच ते."

"तिला काय कळतंय त्यातलं?" भावोजी हसत म्हणाले.

"तु... तुम्हाला तरी?"

परब हसले नाहीत. ते मान तिरकी करून ऐकत होते. मग म्हणाले, "बाई मधे तोडतात."

"पहिल्यापासून," भावोजी म्हणाले. "वर्गात पोरांना, घरात मला."

"मग हा नाही चालणार. याचं आडनाव मोठं आहे, पण पिढी जुनी. वाक्य पोचेपर्यंत तुमचं बोलणं पुढे गेलेलं असेल." परबांनी दुसरं नाव सांगितलं. नव्या पिढीचा आय-थ्री, गाभे जास्त, रॅम दुप्पट. त्याहून वरचा घ्यायची गरज नाही, हेही सांगितलं. "महाग घेतल्याने बाई आणखी लवकर बोलणार नाहीत. पण याच्या खाली जाऊ नका."

भावोजींनी दोन्ही किमती पाहिल्या. पुढे देखभालीला बाई ठेवावी लागणार होती, फिजिओथेरपी होती, नळीतून जेवण द्यायची वेळ येणार होती. त्यांचं चुकत नव्हतं. ते म्हणाले, "फरक बराच आहे, साहेब. आणि शेवटी फक्त बोलायलाच तर हवाय ना?"

परबांनी हातातला कागद खाली ठेवला. शब्द तेच होते, हे त्या खोलीत मला आणि त्यांनाच ठाऊक होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"हो," ते शेवटी म्हणाले. "बोलायलाच हवाय. म्हणून सांगतोय. हिशेब, सिनेमा, इंटरनेट, सगळं थांबू शकतं, सुरेशराव. उशिरा आलं तरी तेच असतं. बोलणं उशिरा आलं की ते बोलणं राहत नाही. मी ते करून बघितलंय. तुम्ही नका करू."

शैलूताईने सोललेले मटार बाजूला ठेवले. "हा... हाच घ्यायचा," ती म्हणाली.

लॅपटॉप परबांनीच आणला. प्रोग्रॅम बसवायला आले तेव्हा शैलूताईचं बोलणं जवळजवळ संपलं होतं; आवाज यायचा, शब्द नाही. परबांनी अँटीव्हायरस केव्हा चालावा ते ठरवून दिलं, नको ते सगळं काढून टाकलं. मग आवाज निवडायची खिडकी उघडली. मराठी बाईचा आवाज अजून एकच होता. त्यांनी त्यावर खूण केली. दुकानांमधून शनिवारी ते हाच आवाज ऐकत आले होते, पण तिथे तो बातम्या वाचायचा. अपघात, पाणीकपात, हवामान.

"बोला बाई," ते म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीत टेकले.

भावोजी आत गॅसजवळ होते. मी दारात. शैलूताईने बोटं कळांवर ठेवली. मास्तरीण असल्याने काहीतरी शोभेसं लिहील असं मला वाटलं. तिने जे रोज पहिल्यांदा लागतं ते लिहिलं.

"अहो," लॅपटॉप म्हणाला.

"आलो," आतून भावोजी म्हणाले.

"काय गं?" परब म्हणाले.

दोन्ही उत्तरं एकदमच आली. आपल्याकडे बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. घराघरांत हाक एकच असते. आवाजही एकच निघाला होता. भावोजी पक्कड हातात घेऊन दारात आले आणि कुणाला काय झालं ते न कळून उभे राहिले. परब खुर्चीतून अर्धे उठले होते. तसेच थोडा वेळ राहिले. मग खाली बसले आणि लॅपटॉपची चार्जिंगची वायर उगीच नीट करू लागले.

शैलूताईने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सुनंदाबाईंचं कधीच काही सांगितलं नव्हतं. तिने पुन्हा टाइप केलं नाही. परब गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर यंत्राने विचारलं, "आणि त्यांनी तरी हाच आवाज लावला?"

"दुसरा नव्हता ना."

"पुरुषाचा होता. मी बघितला."

पुढच्या दिवसांत शैलूताई त्या घरात पुन्हा पूर्वीसारखी झाली, असं म्हणणं खोटं ठरेल. ती वाळत होती. पण भावोजी फोनवर बोलताना मागून तिच्या सूचना ऐकू यायच्या, शेजारीण गेल्यावर शेरेही. तिच्या शाळेतल्या बाई भेटायला आल्या आणि रडायला लागल्या तेव्हा लॅपटॉप म्हणाला, "नाक पुस. परीक्षेचे पेपर तपासून झाले का?" आणि त्या बाई रडता रडता हसल्या. वेळेवर हसल्या.

परब अधूनमधून यायचे. मशीन बघतो, म्हणायचे. मशीनला काही झालेलं नसायचं. आल्यावर ते खिडकीकडे तोंड करून बसत. शैलूताई बोलली की उत्तर देत, पण तिच्याकडे बघून नव्हे. लवकरच ते निवृत्त होऊन गावी जाणार होते. मुलुंडची जागा भाच्याला देऊन टाकली होती. शेवटचे आले तेव्हा मी तिथे होते. भावोजींनी चहा ठेवला.

"परबसाहेब," लॅपटॉप म्हणाला, "माझ्याशी बोलताना खिडकीत काय बघता?"

"काही नाही बाई. सवय."

"खोटं."

शैलूताईची बोटं पुन्हा चालू लागली, या वेळी जरा जास्त वेळ. मग आवाज आला. "मला हिने सगळं सांगितलंय. या आवाजात तुम्हाला काही ऐकायचं असेल तर सांगा. मी लिहिते. लाजू नका."

भावोजी जमिनीकडे बघू लागले. मला तिथून उठून जावंसं वाटलं. परबांनी पहिल्यांदाच खुर्ची वळवली आणि शैलूताईकडे नीट पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"नको बाई," ते म्हणाले. "ती जे बोलली नाही ते तुम्ही कशाला बोलाल?" थोडं थांबून पुढे म्हणाले, "सुनंदा मला एक वाक्य पुरं करू द्यायची नाही. लग्न झाल्यापासून. मी बोलायला लागलो की स्वयंपाकघरातून हाणायची, मुद्द्यावर या म्हणून. चार माणसांत सुद्धा. मी चिडायचो. मग ते मशीन आणलं आणि माझी सगळी वाक्यं पुरी व्हायला लागली. मला वाटलं, आता शांतपणे ऐकते." त्यांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर पुसले. "आता ऑफिसात कुणी तोडत नाही. वयाने मोठा ना. मोबाइल बघतात, पण बोलू देतात."

भावोजींनी चहाचे कप आणून ठेवले. मग त्यांनीच सुरुवात केली, जणू काही झालंच नव्हतं. बँकेतल्या एका ओळखीच्या माणसाला मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा होता त्याबद्दल. त्या माणसाने दोन बघून ठेवले होते, एकाचं आडनाव मोठं होतं पण पिढी जुनी, दुसरा नवा होता पण रॅम कमी, आणि रॅम नंतर वाढवता येते का हे त्याने दुकानदाराला विचारलं नव्हतं, कारण लोक विचारतच नाहीत, आणि खरं तर काही मशीनमध्ये ती आतच पक्की बसवलेली असते, तेव्हा घेतानाच जर माणसाने...

शैलूताईची बोटं हलली.

"अहो, पुरे. चहा निवतोय."

लगेच आलं. 'जर माणसाने' आणि पुढचा शब्द यांच्यामध्ये, बरोबर तिथेच. परबांचं तोंड उघडं होतं. ते मिटलं. त्यांनी वाक्य पुढे नेलं नाही. कप उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि मान खाली घालून चहा प्यायला लागले, घरी पितात तसा, मोठा आवाज करत.